कातडीखालच्या गाठी व त्यांची शस्त्रक्रिया

कातडीखाली हाताला लागणारा कुठलाही गोळा खानदेशात 'चरबीची गाठ' या एकाच नावावर खपतो. प्रत्यक्षात सिस्ट म्हणजे अस्तर असलेली पिशवी, आत द्रव किंवा लगदा. ट्यूमर म्हणजे पेशी वाढून झालेला गोळा, साधा किंवा कर्करोगाचा.

सर्वाधिक दिसते ती एपिडर्मॉइड सिस्ट. डोके, मान, पाठ या तिच्या जागा. ती कातडीला चिकटलेली असते, वर बहुधा सुईच्या टोकाएवढा काळा ठिपका असतो आणि दाबल्यास दुर्गंधीचा पांढरा लगदा येतो. हा लगदा केराटिनचा, म्हणजे कातडीतल्या प्रथिनाचा, चरबीचा नव्हे. खरी चरबी लायपोमात, म्हणजे चरबीच्या पेशींच्या साध्या गाठीत: मऊ, बोटाखालून निसटणारी, ठिपका नसलेली. कपाशी-केळीत राबणाऱ्यांच्या बोटावर काटा टोचल्यावर काही महिन्यांनी येणारी गाठ बहुधा आत रुजलेल्या कातडीची सिस्ट असते.

सिस्टच्या शस्त्रक्रियेचे मर्म पिशवीत आहे. जागा बधिर करणाऱ्या लिग्नोकेनचे इंजेक्शन गाठीभोवती देतात. आत दिले तर दाबाने पिशवी फुटते. अ‍ॅड्रेनालिनसह (ते रक्तवाहिन्या आकसवते) लिग्नोकेनची मर्यादा किलोमागे 7 मिलिग्रॅम, म्हणजे 60 किलोच्या माणसाला 2 टक्क्यांचे जेमतेम 20 मिली. ठिपका मध्ये धरून लंबगोल छेद घ्यायचा आणि बोथट कात्रीने पिशवी अखंड सोडवायची. अस्तराचा तुकडा राहिला की गाठ परत येते. केळीचे घड वाहून खांद्यावरची सिस्ट घासते, सुजते, पिकते. अशा वेळी फक्त चिरून पू काढतात. पिशवी सूज उतरल्यावर, चार ते सहा आठवड्यांनी. पिकलेल्या गाठीत अस्तर चिंध्यांसारखे हातात येते. बिब्बा लावल्याने किंवा डाग दिल्याने कातडी तेवढी भाजते, पिशवी शाबूत राहते.

टाके चेहऱ्यावरचे पाचव्या दिवशी, पाठीचे दहा ते चौदा दिवसांनी काढतात. उन्हाळ्यात पारा 45 अंशांकडे जातो, पट्टी घामाने भिजते. ती लगेच बदलावी.

काढलेली गाठ तिच्या आकारमानाच्या दहापट, 10 टक्क्यांच्या फॉर्मॅलिनमध्ये (गाठ टिकवणाऱ्या द्रावणात) तपासणीला पाठवावी, फेकू नये. 5 सेंटीमीटरहून मोठी, खोल किंवा झपाट्याने वाढणारी गाठ थेट कापायची नाही. आधी एमआरआय व सुईने तुकडा काढून तपासणी. स्तनातल्या गाठीला सोनोग्राफी-मॅमोग्राफी आणि तुकडा, मानेतल्या गाठीला सुईची तपासणी आधी. मानेत क्षयाची गाठही असते. तंबाखू-गुटखा खाणाऱ्याच्या मानेत कडक गाठ लागली, तर तोंडाच्या कर्करोगाच्या शंकेने तोंड उघडून जीभ आणि गाल नीट पाहावे.