ऑपरेशनची अँटिबायोटिक : वेळ चिरा पडण्याआधीची

खानापूर, चिक्कोडीकडचं मूल टॉन्सिलच्या ऑपरेशनसाठी बेळगावला येतं, घरी परततं आणि चार दिवसांनी कुणीतरी बॅटरी मारून घसा बघतं. आत पांढरा थर! ‘पू झालाय’ म्हणत घरचे मेडिकल गाठतात. पण तो थर पू नव्हेच. गुडघ्यावरच्या जखमेवर धरते तशी ती घशाच्या ओल्या जागेतली खपली आहे. आठ-पंधरा दिवसांत ती आपोआप सुटते. घशातून ताजं रक्त आलं तर मात्र त्याच क्षणी हॉस्पिटल गाठायचं. अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने २०११ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये सांगितलंय, की मुलांच्या टॉन्सिल शस्त्रक्रियेच्या आगेमागे सरसकट अँटिबायोटिक देऊ नये.

‘जितके जास्त दिवस गोळ्या, तितकी जखम सुरक्षित’ हा समज फार खोल रुजलाय. तो खोडणारा प्रयोग १९६१ सालचा. अमेरिकन सर्जन जॉन बर्क यांनी गिनीपिगच्या कातडीत स्टॅफिलोकॉकस जिवाणू टोचले आणि अँटिबायोटिक वेगवेगळ्या वेळी दिलं. आधी दिलं तिथे संसर्ग मूळच धरू शकला नाही. उशीर होत गेला तसा उपयोग घटला. तीन तासांनी दिलेलं औषध न दिल्यासारखंच. चिरा पडताच बारीक रक्तवाहिन्या तुटतात, रक्त गोठतं आणि जिवाणू त्या गुठळीत अडकतात. औषध आधीच रक्तात असेल तर गुठळी औषधासकटच बनते. नंतर दिलं तर गुठळीच्या आत रक्त फिरतच नाही, औषध कडेलाच राहतं, आणि तोवर जिवाणू ऊतींना चिकटून वाढू लागलेले असतात. म्हणून सेफाझोलिनसारखं अँटिबायोटिकचं इंजेक्शन चिऱ्याआधीच्या ६० मिनिटांत देतात. ऑपरेशन लांबलं तर साधारण चार तासांनी पुन्हा.

निपाणीच्या तंबाखूपट्ट्यात तोंडाचा कॅन्सर काय असतो हे सांगायला नको. त्याच्या मोठ्या शस्त्रक्रियेत लाळेतले असंख्य जिवाणू मानेच्या जखमेत उतरतात, तिथे अँटिबायोटिक हवंच. तरीही बहुतेक रुग्णांना २४ तास पुरतात. पुढच्या दिवसांचे डोस आतड्यातल्या निरुपद्रवी जिवाणूंना मारतात आणि औषधाला न जुमानणाऱ्यांना मोकळं रान देतात.

वाहत्या कानालाही सरसकट गोळ्या लागत नाहीत. त्यात लसणाचं गरम तेल घालणं तर सरळ घातक. पडद्याला भोक असेल तर ते मधल्या कानात जातं. डॉक्टरांनी दिलेले अँटिबायोटिकचे थेंब तिथे रक्तातून पोहोचणाऱ्या गोळीपेक्षा कितीतरी पट तीव्र असतात, त्यामुळे अशा कानाला बहुधा गोळ्यांची गरजही पडत नाही.