गाडी सरळ, वजन वाकडं

माझ्या मावसभावाचा पुण्यात, धायरीत मांडव-लाइटिंगचा धंदा आहे. गेल्या वर्षी त्याने नवी पिकअप घेतली. गोडाउनसमोर नारळ फुटला, पेढे झाले, आणि गाडीकडे बाजूने बघत तो म्हणाला, "दादा, ही अशी वाकून का उभी आहे? कुणाच्या तरी पाया पडतेय असं वाटतं."

खरंच तसं वाटत होतं. टेप लावला. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत पुढच्यापेक्षा मागे दोन इंच जास्त भरले. त्याने एका गॅरेजमध्ये चौकशीही करून ठेवली होती. पुढच्या शॉकअपच्या डोक्यावर स्पेसर, म्हणजे एक जाड चकती, टाकायचा, नाक वर येतं, गाडी 'लेव्हल'. तासा-दोन तासांचं काम आणि रुबाब कायमचा.

पण मागचे ते दोन इंच कंपनीने हिशेबाने ठेवलेले असतात. पिकअपच्या मागे पाटे असतात, एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्या. रिकाम्या गाडीत वरचे लांब पाटेच वजन पेलतात. माल भरला की कमान सपाट होत जाते आणि खालचा जाड पाटाही कामाला लागतो. भरल्यावर सरळ उभी राहायची असेल, तर रिकामी असताना गाडीची शेपूट वर हवीच. म्हणजे रिकामी गाडी सरळ करून घेतली, तर भरलेली गाडी मागे बसणार.

माल हौद्यात असेल तर हे एकवेळ निभावतं, कारण हौद्यातलं ओझं बहुतेक मागच्या चाकांच्या आसपास असतं. भावाच्या गाडीमागे मात्र जनरेटरची ट्रॉली लागते. आपल्याकडे गाडी ओढायची म्हटलं की 'टोचन' आठवतं, बंद पडलेली गाडी दोरीने नेणं. दोरी फक्त ओढते. ट्रॉलीचा दांडा ओढला जातो आणि शिवाय गाडीच्या हुकाच्या बॉलवर, म्हणजे दांडा ज्यावर अडकतो त्या गोळ्यावर, खाली दाबतो. हा दाब ट्रॉलीच्या एकूण वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास ठेवतात. त्याहून फार कमी झाला, म्हणजे ओझं ट्रॉलीच्या चाकांच्या मागे सरकलं, तर वेगात ट्रॉली डावी-उजवी झुलायला लागते आणि ओढणाऱ्या गाडीलाही झुलवते.

भावाची ट्रॉली साधारण १२०० किलोची, म्हणजे बॉलवर १२० किलो. बॉल मागच्या चाकांच्या सव्वा मीटर मागे आहे आणि पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर ३.१ मीटर. मागची चाकं म्हणजे सी-सॉचा मधला टेकू. मागच्या टोकाला १२० किलो बसले की पुढचं टोक उचललं जातं. किती? १२० गुणिले १.२५ भागिले ३.१, म्हणजे ४८ किलो. पुढच्या चाकांवरून ४८ किलो कमी झाले, आणि मागच्या चाकांवर १२० नाही, १६८ वाढले. स्टिअरिंग पुढच्या चाकांकडे आणि ब्रेकचं मोठं कामही त्यांच्याकडेच. टायरची पकड त्यावरच्या वजनावर असते, त्यामुळे ओझं ओढताना नेमकी ज्यांची गरज त्यांचीच पकड कमी होते.

भावाचा यावर विश्वास बसेना. म्हणून एका रविवारी हौदा रिकामा करून आम्ही वजनकाट्यावर गेलो. फक्त पुढची चाकं काट्यावर चढवली. आकडा १०४०. मागे ट्रॉली लावली आणि पुन्हा तसंच केलं. ९९०. काटा दहा-दहा किलोंनी बदलणारा होता, त्यामुळे ४८ चे ५० दिसले. काट्यावरचा माणूस विचारत होता की अर्धीच गाडी का तोलताय.

मग भावाने आणखी एक तोडगा काढला. मागच्या पाट्यांच्या वर, चासीखाली बसणाऱ्या रबरी एअर बॅगा. (अपघातात फुगणाऱ्या नव्हेत. या हवा भरून गाडीची बसलेली मागची बाजू उचलतात.) ओळखीच्या एका टेम्पोवाल्याच्या गाडीला त्या होत्या, तीच ट्रॉली त्याच्या मागे लावली. ट्रॉली लागताच त्याची मागची बाजू बसली. हवा भरली तशी गाडी सरळ झाली, सुरेख दिसायला लागली. पुढच्या चाकांचा आकडा मात्र हवा भरण्याआधी होता तोच राहिला. साहजिक आहे. बॅगा उंची परत देतात, वजन परत देत नाहीत. सी-सॉच्या टेकूखाली वीट सरकवली म्हणून पलीकडच्या टोकावरचं पोरगं जड होत नाही. वजन परत हवं तर दांड्याला पोलादी पट्ट्यांनी ताण देऊन वजन पुढच्या चाकांकडे परत ढकलणारा खास हूक असतो. अमेरिकेत जड ट्रेलरला तो सर्रास लावतात, आपल्याकडे मी एकही पाहिलेला नाही.

उंचीच्या या खेळात ब्रेकही फसतो, आणि याबद्दल गॅरेजमध्ये कुणी अवाक्षर काढत नाही. बऱ्याच पिकअपना मागच्या ॲक्सलपासून चासीला जोडलेली एक बारीक दांडी असते. गाडी किती बसली आहे ते ती दांडी सांगते आणि तिच्या टोकाचा व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला किती दाब द्यायचा ते ठरवतो. गाडी वर असेल तर तो समजतो की माल नाही, मागचे ब्रेक बेताने लावू, नाहीतर चाकं लॉक होतील. भरलेली गाडी बॅगांनी वर उचललीत तर व्हॉल्व्हच्या लेखी ती रिकामीच. कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे उतरताना तो सगळा उतार पुढच्या ब्रेकवर येतो. त्यात असल्या ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक बहुधा नसतातच. त्या उतारावरच्या अपघातांच्या बातम्या पुणेकरांना नव्याने सांगायला नकोत.

स्पेसरचा हिशेबही वरवर वाटतो तितका सरळ नाही. पुढची स्प्रिंग चाकापाशी नसून खालच्या आर्मच्या (चाकाला चासीशी जोडणाऱ्या दांड्याच्या) साधारण मध्यावर टेकते, त्यामुळे एक इंचाचा स्पेसर चाकापाशी दोन इंचांच्या आसपास उचल देतो. आर्म तिरके होतात, आर्म चाकाला जोडणाऱ्या बॉलजॉइंटवर ताण येतो, चाकांचे कोन बदलतात. अलाइनमेंट न करता गाडी चालवली तर टायर एका कडेने खरवडले जातात. शिवाय नाक दोन इंच वर गेलं की तोच सी-सॉ मागचा बॉल सुमारे दोन सेंटिमीटर खाली नेतो, आणि ट्रॉली नाक खुपसून चालते.

आणि हेडलाइट. डिपरचा झोत दर मीटरला साधारण एक सेंटिमीटर खाली उतरावा असा लावलेला असतो. चाकांमध्ये ३.१ मीटर अंतर असलेल्या गाडीचं नाक मागच्यापेक्षा पाच सेंटिमीटर वर गेलं, तर झोत दर मीटरला १.६ सेंटिमीटर वर सरकतो. पंचवीस मीटरवर ४० सेंटिमीटर. रस्त्यावर पडायचा उजेड समोरच्याच्या डोळ्यांत जातो. डॅशबोर्डवर ० ते ३ आकड्यांची चकती असते ती यासाठीच. भावाने तिला आजवर हात लावला नव्हता, आणि खरं सांगायचं तर माझ्या गाडीतल्या चकतीला मीही लावला नव्हता.

शेवटी काय केलं? दोन इंचांचा हट्ट सुटला. पुढे फक्त अर्धा इंच स्पेसर, म्हणजे चाकापाशी इंचभर उचल. लगेच अलाइनमेंट. मागच्या पाट्यांना हात नाही, बॅगा नाहीत, त्यामुळे ब्रेकची दांडी कंपनीने लावली तशीच राहिली. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत बदल करू देत नाही, तेव्हा इंचभर उचलसुद्धा आधी आरटीओला आणि विमावाल्याला विचारूनच करावी, हे मी त्याला सांगून ठेवलं होतं. हुकाची पट्टी बदलून बॉलची उंची अशी घेतली की जोडल्यावर ट्रॉलीचा दांडा जमिनीला समांतर राहील. ट्रॉलीवरचा डिझेलचा कॅन आणि केबलची भेंडोळी मागून काढून चाकांच्या पुढे बांधली, पण बेताने, कारण पुढे सरकवलेला प्रत्येक किलो बॉलवरचा दाब वाढवतो आणि पुढची चाकं हलकी करतो.

रिकामी असली की गाडी अजूनही इंचभर वाकून उभी राहते. ट्रॉली जोडून, हौद्यात मांडवाचे पाइप भरले की टेपवर पुढचा आणि मागचा आकडा सारखा येतो.