घड्याळात ९४ च, मग दम का लागला?

काकांच्या बायपासला सात आठवडे झाले होते तेव्हाची गोष्ट. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलेलं, काका शिस्तीचे, एक दिवस खाडा नाही. मुलाने त्यांना स्मार्टवॉच घेऊन दिलं होतं, त्यात वय टाकलं की व्यायामात नाडी किती असायला हवी ते दिसतं. काकांचं वय ६२, म्हणजे २२० वजा ६२ बरोबर १५८, त्याचे सत्तर टक्के साधारण ११०. घड्याळ म्हणतंय ११० पर्यंत न्या आणि काकांची नाडी काही केल्या ९४ च्या वर जाईना, मग काका अजून जोरात चालायचे, दम लागला तरी चालायचे, कारण आकडा गाठायचा होता ना. एक दिवस असंच भरभर चालून आले, दाराशी थांबले आणि डोळ्यांसमोर अंधारी आली. गेटचा दांडा हाताला लागला म्हणून पडले नाहीत.

मला दोन प्रश्न पडले. एवढं चालूनही नाडी का चढली नाही? आणि चक्कर चालताना न येता थांबल्यावर का आली?

पहिल्याचं उत्तर काकांच्या गोळ्यांच्या पाकिटावरच होतं, मेटोप्रोलॉल. हा बीटा ब्लॉकर, हार्टच्या ऑपरेशननंतर बऱ्याच पेशंटना देतात. पण ही गोळी नेमकं काय करते ते समजून घ्यायचं तर आधी हृदयाचा वेग ठरतो कसा ते बघावं लागेल, आणि हा माझा अत्यंत आवडता विषय आहे.

हृदयाला ठोके देण्यासाठी मेंदूची गरज नाही. उजव्या वरच्या कप्प्यात सायनस नोड नावाचा पेशींचा छोटा पुंजका असतो, तो आपला आपण विजेचे ठोके देतो, आणि त्याला मोकळं सोडलं तर मिनिटाला साधारण १०० ठोके देईल. मग आपली नाडी बसल्या जागी ७० कशी? कारण मेंदूकडून येणारी व्हेगस नावाची नस सतत ब्रेक दाबून असते. हा ब्रेक म्हणजे एक रसायन आहे हे ऑटो लोवी या शास्त्रज्ञाने १९२१ मध्ये दाखवलं, आणि किती साधेपणाने बघा. बेडकाची दोन हृदयं घेतली, दोन्ही धडधडत होती. पहिल्याची व्हेगस नस उत्तेजित केली, ते मंदावलं. मग त्या पहिल्या हृदयातलं द्रावण काढून दुसऱ्याला दिलं, आणि ज्याच्या नसेला कुणी हातही लावला नव्हता ते दुसरं हृदयही मंदावलं! म्हणजे नसेतून काहीतरी पदार्थ झिरपत होता. तो अ‍ॅसिटिलकोलीन निघाला आणि १९३६ मध्ये लोवींना हेन्री डेल यांच्यासोबत नोबेल मिळालं.

तर आपण चालायला लागलो की शरीर आधी हा ब्रेक सोडतं. हे इतकं पटकन होतं की पुढच्या एकदोन ठोक्यांतच फरक दिसतो. ब्रेक सुटून साधारण शंभरापर्यंत मजल जाते, त्याच्या वर जायचं तर मुख्यतः अ‍ॅक्सिलरेटर लागतो, तो म्हणजे सिंपथेटिक नसा आणि रक्तातलं अ‍ॅड्रिनलीन. ही रसायनं सायनस नोडच्या पेशींवरच्या बीटा-१ रिसेप्टरवर, म्हणजे रसायनाने बसायच्या ठरलेल्या जागेवर, बसतात, मग पेशीत सायक्लिक एएमपी नावाचं निरोप पोचवणारं रसायन वाढतं, ते जाऊन एका खास आयन चॅनेलला, म्हणजे विद्युतभारित कण आत येण्याच्या दाराला, चिकटतं, त्यातून सोडियम जास्त भराभर आत येतं, पेशीचा विद्युतदाब उंबरठ्यापर्यंत लवकर चढतो आणि दोन ठोक्यांमधला वेळ कमी होतो. या चॅनेलमधल्या प्रवाहाला शास्त्रज्ञांनी 'फनी करंट' असं नाव दिलंय, कारण बाकीचे असे प्रवाह पेशी उत्तेजित झाल्यावर सुरू होतात आणि हा पेशी शांत झाल्यावर.

बीटा ब्लॉकर त्या रिसेप्टरवर आधीच जाऊन बसतो. अ‍ॅड्रिनलीन येतं पण त्याला जागा नसते. डोस किती त्यावर कमीजास्त होतं, पण काकांचा ब्रेक सुटत होता आणि अ‍ॅक्सिलरेटर नीट दाबला जात नव्हता, म्हणून ९४. गोळी तिचं काम चोख करत होती. (यावरून कुणी गोळी आपली आपण बंद करू नका प्लीज, बीटा ब्लॉकर अचानक थांबवला तर नाडी आणि बीपी उसळतं, ते धोक्याचं आहे.)

यातली मेख अशी की नाडी ९४ म्हणजे मेहनत कमी असं अजिबात नाही. दोन ठोक्यांत वेळ जास्त मिळाला की हृदय जास्त भरतं, जास्त ताणलं गेलेलं स्नायू जास्त जोरात आकुंचन पावतं आणि एका ठोक्यात जास्त रक्त बाहेर जातं. काम चालूच असतं, आकड्यात दिसत नाही एवढंच.

याचं टोकाचं उदाहरण म्हणजे हार्ट ट्रान्सप्लांट. ३ डिसेंबर १९६७ ला क्रिस्तियान बर्नार्ड यांनी केप टाउनमध्ये माणसाचं हृदय माणसात बसवायचं पहिलं ऑपरेशन केलं, तेव्हापासून आजपर्यंत या ऑपरेशनमध्ये नसा कापल्याच जातात. ब्रेकची नस नाही आणि अ‍ॅक्सिलरेटरचीही नाही. म्हणून रोपण केलेलं हृदय बसल्या जागी ९० ते ११० ने चालतं, चालायला लागल्यावर लगेच काहीच होत नाही, काही मिनिटांनी रक्तातून अ‍ॅड्रिनलीन पोचलं की मग हळूहळू चढतं, आणि माणूस बसला तरी बराच वेळ उतरत नाही. या पेशंटना घड्याळाचा आकडा काय सांगणार?

२२० वजा वय हे सूत्र १९७१ च्या सुमाराला फॉक्स आणि हॅस्केल यांच्या लिखाणातून पसरलं, ते ढोबळ सरासरी म्हणून. निरोगी माणसांमध्येसुद्धा ते दहाबारा ठोक्यांनी सहज चुकतं. जाहिरातीत मात्र ते असं दाखवतात की घड्याळाला तुमचं हृदय कळतं. घड्याळाला तुमची गोळी माहीत नाही.

मग मोजायचं कशाने? बोलण्याने. ऐकायला घरगुती वाटतं पण यामागे पक्की केमिस्ट्री आहे. मेहनत एका पातळीच्या वर गेली की स्नायूंमधून आम्ल रक्तात यायला लागतं, रक्तातलं बायकार्बोनेट ते झेलतं आणि त्यात जादा कार्बन डायऑक्साइड तयार होतो, तो बाहेर टाकायला श्वास एकदम वाढतो, आणि वाक्य मधेच तुटायला लागतं. ही पातळी तुमचं शरीर स्वतः दाखवतं, गोळी चालू असली तरी. चालताना पूर्ण वाक्य बोलता येतंय तोवर ठीक, तुटायला लागलं की वेग कमी करायचा. काका आता काकूंबरोबर जातात आणि गप्पा थांबल्या की काकूच म्हणतात, हळू चला. गुनार बोर्ग या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाने तर मेहनत किती वाटतेय त्याची ६ ते २० अशी पट्टीच केली, ६ म्हणजे काहीच नाही, २० म्हणजे जीव जाईल इतकी. सुरुवातीच्या आठवड्यांत साधारण ११ ते १३ मध्ये राहायचं, म्हणजे 'हलकं' ते 'थोडं कष्टाचं'. तुमचा आकडा तुमचे डॉक्टर किंवा फिजिओ ठरवतील.

इथे एका समजुतीबद्दल बोलायलाच हवं. माणसाचे ठोके जन्मतःच मोजून दिलेले असतात, व्यायामात ते खर्च होतात, तेव्हा ऑपरेशन झालेल्याने पडून राहावं असं चांगली शिकलेली माणसं सांगतात. हिशोब करून बघा. अर्धा तास चालताना मिनिटाला ३० ठोके जास्त पडले तर ९०० जास्त. पण काही महिन्यांच्या नियमित चालण्याने बसल्या जागची नाडी ५ ने जरी उतरली तरी उरलेल्या साडेतेवीस तासांत ७०५० कमी. आणि पडून राहण्याचं काय होतं तेही बघितलेलं आहे, १९६६ मध्ये डॅलसमध्ये पाच धडधाकट तरुणांना तीन आठवडे अंथरुणात ठेवलं तर त्यांची ऑक्सिजन वापरायची क्षमता पावपेक्षा जास्त घटली. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा तपासलं, तर तीस वर्षांच्या वयाने केलेलं नुकसान त्या तीन आठवड्यांपेक्षा कमी निघालं!

अर्थात छातीचं हाड कापलेलं असतं हे विसरायचं नाही. ते स्टीलच्या तारांनी बांधतात आणि जुळायला साधारण आठ ते बारा आठवडे जातात. हात लांब करून पिशवी उचलली की तरफेचा दांडा लांब होतो आणि छातीवरचा ताण वाढतो, तीच पिशवी कोपर अंगाला चिकटवून उचलली तर कमी. उठताना हातांवर जोर देऊन रेटू नका, श्वास रोखून काही उचलू नका, खोकला आला तर उशी छातीशी घट्ट धरा. हाडात टकटक जाणवली, जखमेतून पाणी आलं, छातीत दुखलं, ठोके अनियमित वाटले किंवा दोनतीन दिवसांत एकदोन किलो वजन वाढून पाय सुजले तर व्यायाम बंद आणि डॉक्टरांना फोन.

आता राहिली ती अंधारी. चालताना पायांच्या रक्तवाहिन्या रुंदावलेल्या असतात आणि पोटऱ्यांचे स्नायू प्रत्येक पावलाला शिरा पिळून रक्त वर ढकलतात, शिरांमधल्या झडपा ते परत खाली येऊ देत नाहीत. काका दाराशी एकदम थांबले, पोटरीचा पंप बंद, वाहिन्या अजून रुंदच, रक्त पायात साठलं, हृदयाकडे कमी आलं, बीपी घसरलं. इतर वेळी अशा क्षणी नाडी पटकन वाढून सांभाळून घेते, पण तिथे मेटोप्रोलॉल बसलेलं. म्हणून आता काका घर दिसायला लागलं की वेग अर्धा करतात, शेवटची पाच-सात मिनिटं रमतगमत येतात, दाराशी आले तरी उभे न राहता अंगणात दोन फेऱ्या मारतात, आणि गरम पाण्याची आंघोळ लगेच करत नाहीत, कारण गरम पाण्याने वाहिन्या अजून रुंदावतात.