0.8 सेकंदाची चूक

मोजमापाच्या कुठल्याही प्राथमिक पुस्तकात यादृच्छिक त्रुटी (कधी जास्त, कधी कमी अशी विखुरणारी) आणि पद्धतशीर त्रुटी (दर वेळी एकाच बाजूला झुकणारी) ही जोडी सुरुवातीलाच भेटते. यातल्या दुसऱ्या त्रुटीच्या इतिहासात एका माणसाची नोकरी गेली होती, हे मात्र क्वचितच सांगितलं जातं.

1796 साली ग्रिनिच वेधशाळेचे प्रमुख नेव्हिल मॅस्केलिन यांनी आपला साहाय्यक डेव्हिड किनेब्रुक याला कामावरून कमी केलं. ताऱ्याने याम्योत्तर, म्हणजे डोक्यावरून जाणारी आकाशातली उत्तर-दक्षिण रेषा, ओलांडल्याची वेळ तो मॅस्केलिनपेक्षा सुमारे 0.8 सेकंद उशिरा नोंदवत असे. फरक किरकोळ वाटतो, पण विषुववृत्तावर तेवढ्या वेळात पृथ्वी जवळजवळ पावणेचारशे मीटर फिरते. रेखांश ठरवणाऱ्यांना हे परवडणारं नव्हतं.

वेध घेण्याची तेव्हाची रीतही बघण्यासारखी आहे. निरीक्षक घड्याळात सेकंद बघून डोळा दुर्बिणीला लावायचा आणि टिकटिक ऐकत मनात आकडे मोजायचा. दृष्टिक्षेत्रात उभ्या तारा ताणलेल्या असत. तारा अशा तारेपाशी आला की आधीच्या ठोक्याला तो कुठे होता आणि नंतरच्या ठोक्याला कुठे, यावरून सेकंदाचा दहावा भाग अंदाजाने ठरवायचा. कान आणि डोळा एकाच वेळी राबवायचे!

मॅस्केलिन यांनी दोष साहाय्यकाच्या पद्धतीला दिला. स्वतःची वेळ बरोबर, हे त्यांनी गृहीतच धरलं. तरी हा प्रकार त्यांनी प्रकाशित नोंदींत लिहून ठेवला, हे त्यांचे उपकारच म्हणायचे. पुढे ती हकिगत क्योनिग्सबर्गच्या फ्रीडरिश बेसेलच्या वाचनात आली. त्याने इतर नावाजलेल्या खगोलज्ञांशी आपले वेध ताडून पाहिले, तर एकाशी फरक सेकंदाहून थोडा जास्तच निघाला. म्हणजे चूक निष्काळजीपणाची नव्हती. प्रत्येकाचा असा एक कल होता. त्याला ‘वैयक्तिक समीकरण’ म्हणू लागले. खरा कोण, हे या तुलनेतून कळत नव्हतं. मोजता येत होता तो दोघांमधला फरक.

गणितज्ञ लजांद्रने 1805 मध्ये प्रसिद्ध केलेली आणि गाउसने 1809 मध्ये संभाव्यतेच्या पायावर मांडलेली लघुतम वर्ग पद्धत विखुरलेल्या वेधांतून उत्तम अंदाज काढून देत होती. पण सगळेच वेध एका बाजूला झुकलेले असतील, तर हजारांची सरासरीही तितकीच झुकते. त्यावर इलाज गणितात नव्हता, उपकरणात होता. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर विजेवर चालणारा, कळ दाबताच वेळ कागदावर उमटवणारा कालनोंदक आला, तेव्हा कानाचं काम संपलं. शतकाच्या अखेरीस निरीक्षक सरकती तार ताऱ्यावर धरून ठेवू लागला, आणि वेळेची नोंद यंत्र आपोआप करू लागलं.