एलएलडीबीच्या सोर्स कोडची पुनर्मांडणी

एलएलडीबी हा एलएलव्हीएम या कंपायलर-साधनांच्या प्रकल्पातला डीबगर, म्हणजे प्रोग्राममधल्या चुका शोधायला मदत करणारे साधन. त्याचा गाभा सी++ मध्ये लिहिलेला आहे, पण ब्रेकपॉइंट (प्रोग्राम जिथे थांबवायचा ती जागा) लावण्यापासून व्हेरिएबल वाचण्यापर्यंतची कामे पायथन स्क्रिप्टमधूनही करता येतात. ६ सप्टेंबर २०१६ रोजी या डीबगरचा अख्खा कोड एकाच कमिटमध्ये (एकत्र नोंदवलेल्या बदलात) नव्याने मांडण्यात आला.

एलएलडीबी ॲपलमध्ये घडला आणि त्याची लेखनशैलीही वेगळीच होती: चार स्पेसचे इंडेंट (ओळीआधीची मोकळी जागा), फंक्शनचे नाव आणि कंस यांच्यात एक मोकळी जागा, लांबलचक ओळी. एलएलव्हीएममध्ये मात्र दोन स्पेस आणि ८० अक्षरांची ओळ हा दंडक. दोन्हीकडे काम करणाऱ्याला सतत शैली बदलावी लागे. म्हणून सी++ फायलींवर क्लँग-फॉरमॅट ३.९.० आणि पायथन फायलींवर ऑटोपेप८ १.२.४ ही कोडची मांडणी आपोआप नीट करणारी साधने चालवली गेली. वापरलेल्या कमांड कमिटच्या संदेशातच दिल्या होत्या. ज्यांच्याकडे स्वतःचा फोर्क (कोडची वेगळी वाढवलेली प्रत) आहे, त्यांनी या कमिटच्या आधीपर्यंतचे बदल मर्ज करावेत, म्हणजे आपल्या प्रतीत मिसळावेत, त्याच कमांड आपल्याकडे चालवाव्यात आणि हे कमिट मर्ज करताना त्यातले बदल टाकून द्यावेत, असा उपायही त्यात सुचवला होता. एवढ्या मोठ्या बदलाचा संदेश असाच लिहायला हवा.

ऑटोपेप८ला ‘ॲग्रेसिव्ह’ हा पर्याय दोनदा दिलेला होता, हे नजरेतून सुटू नये. या पर्यायामुळे ते केवळ मोकळ्या जागा नीट करून थांबत नाही; नन (None, म्हणजे ‘काहीच नाही’) या मूल्याशी ‘==’ने केलेली तुलना ‘इज’ने बदलते. एखाद्या क्लासने ‘==’चा स्वतःचा अर्थ ठरवला असेल, तर अशा बदलाने निकालही बदलू शकतो. मांडणी आणि अर्थ यांच्यातली सीमा इथे पुसट होते.

डीबगरच्या बाबतीत आणखी एक अडचण असते. चाचणीतल्या नमुना प्रोग्रामच्या ओळींवरच ब्रेकपॉइंट लावायचे असतात. ओळ क्रमांक थेट लिहिला असेल, तर फॉरमॅटरने एक ओळ वाढवली तरी तो चुकतो. त्यामुळे एलएलडीबीच्या अनेक चाचण्या ‘इथे थांब’ अशा अर्थाची कॉमेंट (कोडमधली टीप) शोधून क्रमांक काढतात. पण ८० अक्षरांच्या मर्यादेत बसवताना ती कॉमेंटच दोन ओळींत तुटली, तर शोध फसतो. अशा ठिकाणी ‘क्लँग-फॉरमॅट ऑफ’ ही खूणकॉमेंट लिहून तेवढा भाग वगळता येतो.

गिट या बदल-नोंदणी प्रणालीतली ‘ब्लेम’ ही कमांड कोणती ओळ शेवटी कोणत्या कमिटने बदलली ते सांगते; ती अशा वेळी बहुतेक ओळींचा कर्ता म्हणून पुनर्मांडणीचेच कमिट दाखवते. ऑगस्ट २०१९ मधल्या गिट २.२३ पासून ठरावीक कमिट वगळून मूळ बदल शोधण्याची सोय झाली.

२०२३ मध्ये एलएलडीबीच्या पायथन फायली पुन्हा एकदा, या वेळी ब्लॅक या पायथन-फॉरमॅटरने, मांडल्या गेल्या. ऑटोपेप८ नियमभंग तेवढे दुरुस्त करते. ब्लॅक पूर्ण फाइल आपल्या शैलीत लिहून काढते आणि आधीचा व नंतरचा वाक्यरचना-वृक्ष (कोडची रचना दाखवणारा आराखडा) जुळतो का, तेही तपासते. जीडीबी या जीएनू प्रकल्पाच्या डीबगरनेही २०२१ मध्ये आपल्या पायथन फायली ब्लॅककडे सोपवल्या. त्याचा सी++ मधला भाग मात्र जीएनू प्रकल्पाच्या लेखनशैलीतच राहिला.