बिसिनोसिस : विदर्भातील जिनिंग कामगार व लक्षणांची ओळख

कापूस, जवस व भांगेचा वाख यांची धूळ वर्षानुवर्षे श्वासावाटे आत गेल्याने जडणारा दीर्घकालीन फुप्फुसविकार. मुंबईकडून आलेला लोहमार्ग १८६७ मध्ये नागपूरला पोचल्यानंतर खामगाव, अकोला, अमरावती, हिंगणघाट या बाजारपेठांभोवती जिनिंग-प्रेसिंग (कापसातून सरकी काढणे व रुईच्या गाठी बांधणे) वाढले. ग्रामीण विदर्भात या विकाराचा विचार मुख्यतः जिनिंग-प्रेसिंगच्या मजुरांबाबत करावा लागतो.

लक्षणे : छाती आवळल्यासारखी वाटणे हे प्रमुख लक्षण, जोडीला खोकला व धाप. रुग्ण ‘छाती भरून येते’, ‘दम लागतो’ एवढेच सांगतो आणि दम्याच्या गोळ्या घेऊन परततो. निदानाला खरा उपयोगी पडतो तो वार. सुटीनंतर कामावर आल्याच्या पहिल्या दिवशी, कामाची पाळी सुरू होऊन काही तास गेल्यावर त्रास होतो. दुसऱ्या दिवशी तोच माणूस त्याच धुळीत बराच मोकळा असतो. व्यवसायजन्य दम्यात सहसा उलट, आठवडा सरेल तसा त्रास वाढतो. पाश्चात्त्य ग्रंथांत हा ‘सोमवारचा’ आजार. पण जिथे सुटी आठवडी बाजाराला असते तिथे सोमवारचे विचारून हाती काही लागत नाही. शिवाय हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होतो आणि ऐन आवकेत सुटी मिळेलच असे नाही. तेव्हा हंगामाचे पहिले दिवस कसे गेले, हेही विचारावे. नवख्या मजुराला पहिल्या काही दिवसांत येणारी थंडी-ताप व अंगदुखी हा वेगळा, आपोआप शमणारा प्रकार होय.

ब्रिटिश व्यवसायरोगतज्ज्ञ रिचर्ड शिलिंग यांच्या वर्गीकरणात अधूनमधून पहिल्या दिवशी त्रास (श्रेणी १/२, म्हणजे अर्धी), दर पहिल्या दिवशी (१), इतर दिवशीही (२) आणि कायमची अक्षमता (३) अशा पायऱ्या आहेत. शेवटच्या पायरीवर वार पुसला जातो; तेव्हा हा विकार जुनाट श्वासनलिकादाहाहून वेगळा ओळखणे जवळजवळ अशक्य होते.

कारणमीमांसा : वाख झोडणाऱ्यांच्या खोकल्याचे वर्णन इटालियन वैद्य रामाझ्झीनी यांनी अठराव्या शतकाच्या आरंभी केले होते; सूतगिरणीतील विकाराचे आद्य वर्णन बहुधा मँचेस्टरचे डॉक्टर जेम्स के यांचे (१८३१) मानले जाते. कारणाबद्दल मात्र एकमत नाही. बोंडाभोवतीच्या वाळक्या पानांतील द्रव्यांमुळे शरीरात हिस्टामिन (श्वासनलिका आवळणारे द्रव्य) सुटते, हे एक जुने मत. प्रतिपिंडांवर आधारलेले मत १९६० च्या दशकात पुढे आले, पण त्याला पुरेसा आधार मिळाला नाही. तिसऱ्या मतानुसार कापसावर वाढणाऱ्या ग्रॅम निगेटिव्ह जीवाणूंचे एंडोटॉक्सिन (त्यांच्या बाह्य आवरणातील विषद्रव्य) हे कारण. अमेरिकेत १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत श्वसनक्षमतेतील घट धुळीच्या वजनापेक्षा एंडोटॉक्सिनच्या प्रमाणाशी अधिक जुळली. आज या मताकडे कल आहे व तो योग्य वाटतो. मात्र हिस्टामिनचा वाटा त्यामुळे नाकारला जात नाही. एंडोटॉक्सिनचे मत धरले तर पत्ती-कचऱ्याचा, ओल लागलेला कापूस अधिक जोखमीचा ठरतो. गंजीपाशी बसून कवडी (किडका, खराब कापूस) वेचणाऱ्या बाया नाकातोंडाला पदर गुंडाळतात. त्याने रुईचे तंतू अडतात, सूक्ष्म धूळ अडत नाही.

भारतात हा विकार क्वचितच होतो असा पूर्वी समज होता; मुंबईच्या गिरण्यांतील नंतरच्या पाहण्यांत तो टिकला नाही.

तपासणी : क्ष-किरण चित्रात खास खूण दिसत नाही. कामाच्या पाळीच्या आधी व नंतर स्पायरोमेट्री (यंत्रात फुंकून श्वसनक्षमता मोजणे) करून पहिल्या सेकंदात बाहेर सोडलेल्या हवेचे मापन (एफईव्ही१) ताडून पाहतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९८३ च्या निकषांनुसार सातत्याने ५ ते १० टक्के घट सौम्य, १० ते २० मध्यम व त्यापुढे तीव्र समजतात. बिडी आणि घरी पऱ्हाटीवर (कापसाच्या वाळक्या झाडांवर) पेटणारी चूल यांमुळे चित्र गढूळ होते. चुलीचा धूर एकटाही दीर्घकालीन श्वसनरोधाला पुरेसा असतो. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, ताप, वजन घटणे किंवा बेडक्यात रक्त असल्यास आधी क्षयाची थुंकी तपासणी करावी.

कायदा : कारखाने अधिनियम, १९४८ च्या तिसऱ्या अनुसूचीत बिसिनोसिस हा अधिसूचित रोग होता; उपचार करणाऱ्या डॉक्टरने तो कळवणे अपेक्षित होते. त्याच वर्षीच्या कर्मचारी राज्य विमा अधिनियमाने मात्र केवळ कापूस जिनिंग-प्रेसिंग करणारे कारखाने ‘हंगामी’ म्हणून योजनेबाहेर ठेवले होते. परिणामी गिरणी कामगाराला मिळणारी विमा रुग्णालयाची सोय जिनिंगच्या मजुराला मिळाली नाही.