इगतपुरीच्या आधी मंडाले

दहा दिवस फोन जमा, बोलणं बंद, एवढ्यावरूनच हल्ली विपश्यना ही ध्यानाची पद्धत ओळखली जाते आणि पुण्या-मुंबईचे आयटीवाले इगतपुरीला जातात ते बहुतेक स्ट्रेस उतरवायलाच. जाऊदेत की. पण हे सगळं सुरू झालं ते एक राज्य बुडालं म्हणून.

१८८५ ला इंग्रजांनी ब्रह्मदेशाची राजधानी मंडाले घेतलं आणि तिथल्या राजाला पुढे रत्नागिरीत आणून ठेवलं, हो तोच, थिबा पॅलेसवाला थिबा. इकडे राजा नजरकैदेत आणि तिकडे भिक्खूंचा राजाश्रय गेला, इंग्रज काय भिक्खुसंघाला सांभाळणार नव्हते, मग धर्म टिकवायचा कुणी? लेडी सयाडो या भिक्खूंनी यावर काढलेला मार्ग मला तरी भन्नाट वाटतो: सोप्या बर्मीत पुस्तकं लिहिली, गावोगाव फिरले आणि जे ध्यान तोवर मुख्यतः विहारातलं काम होतं ते सरळ संसारी माणसांना शिकवलं. त्यांचे शिष्य सया थेटजी शेतकरी होते. थेटजींकडे १९३७ मध्ये शिकले ऊ बा खिन, सरकारी हिशेबखात्यातले, पुढे स्वतंत्र ब्रह्मदेशाचे अकाउंटंट जनरल झाले तरी ध्यान शिकवत राहिले, ऑफिसच्या लोकांनासुद्धा.

त्यांच्याकडे १९५५ च्या सुमारास आले सत्यनारायण गोएंका, मंडालेत जन्मलेले मारवाडी व्यापारी, मायग्रेन इतका की मॉर्फिनची इंजेक्शनं घ्यायचे. ऊ बा खिन यांनी आधी चक्क नकार दिला, नुसती डोकेदुखी घालवायची तर इथे येऊ नका म्हणाले! आजच्या स्ट्रेसवाल्या जाहिराती बघून ते काय म्हणाले असते देव जाणे.

गोएंका १९६९ ला भारतात आले, पहिलं शिबिर मुंबईत झालं, १९७६ पासून इगतपुरीचं धम्मगिरी हे केंद्र सुरू झालं, १९९४ ला तिहारमध्ये हजारेक कैदी एकत्र बसले. शिबिराला फी नाही, आधीच्या साधकांच्या दानावर चालतं.

शिबिरात श्वासावर लक्ष ठेवायच्याही आधी पंचशील घ्यावं लागतं: हिंसा, चोरी, व्यभिचार (शिबिरात तर पूर्ण ब्रह्मचर्यच), खोटं, नशा नाही. मौन असलं की खोटं बोलायचा प्रश्नच येत नाही.

आपल्याकडे मात्र हेच पंचशील १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांसोबत लाखोंनी घेतलं होतं, ते माणूस म्हणून उभं राहायला. त्यामुळे डोळे मिटून बसल्याने जात कशी जाणार, असं विचारणारे आंबेडकरी कार्यकर्तेही आहेत आणि नेमाने शिबिरं करणारेही, आणि हा वाद अजून मिटलेला नाही.